महसीरसाठी गादी : आयात करण्यापूर्वी थोडा विचार

इंग्लंडमधील ट्रेंट, सेव्हर्न, केनेट या नद्यांवर बार्बेल पकडणारा छंदी मासेमार गळ आणि आमिषाबरोबर आणखी दोन वस्तू नेतो : गळ काढताना मासा ठेवण्यासाठी मऊ गादी आणि पावसापासून बचाव करणारा हिरवट आडोसा. आता भारतातील महसीर-पर्यटनाच्या केंद्रांवरही या वस्तू दिसू लागल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह असली, तरी त्या जशाच्या तशा उचलणे योग्य नाही.

बार्बेल आणि महसीर हे एकाच कुळातील मासे आहेत. पुण्याजवळच्या नद्यांतून सायक्सने 1839 मध्ये वर्णिलेल्या दख्खनी महसीराला प्रथम 'बार्बस' याच प्रजातिनामाखाली स्थान मिळाले होते. दोघेही तळाशी चरतात, दोघांनाही मिशा असतात आणि दोघेही गळाला लागल्यावर शक्ती संपेपर्यंत झुंजतात. म्हणूनच पाण्याबाहेर आल्यानंतरची दोन-तीन मिनिटे त्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे जंतूंविरुद्धचे पहिले कवच असते. खडकावर, वाळूत किंवा कोरड्या कापडावर तो थर खरवडला गेला, तर मासा पोहत निघून जातो, पण काही दिवसांनी त्या जागी बुरशी धरते. 'सोडला म्हणजे वाचला' हा समज येथेच फसवा ठरतो.

मत्स्यबीज केंद्रात काम केलेल्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. रोहू-कटल्याच्या मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन देताना तिला ओल्या फोमवर आडवे करतात आणि डोळ्यांवर ओले फडके टाकतात. नदीकाठची गादी म्हणजे हेच तत्त्व होय. त्यासाठी परदेशी छापाची महागडी वस्तू मागवण्याची गरज नाही. गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणारा कारागीर ती सहज करून देईल. आतला फोम पाणी न शोषणारा आणि किमान तीन-चार सेंटिमीटर जाड असावा. वरचे कापड गुळगुळीत असावे, त्यावर शिवणीचे टोक किंवा चेन उघडी राहू नये. कडा वळवून उंच केल्या, तर उसळी मारणारा मासा बाहेर पडत नाही आणि ओतलेले पाणीही टिकते. जाळीदार कापड मात्र टाळावे. बार्बेलच्या पृष्ठपराचा काटा दातेरी असल्याने तो जाळीत अडकतो, हे तिकडच्या मासेमारांना चांगलेच ठाऊक आहे. महसीराचा काटा दातेरी नसतो, परंतु त्याच्या पार्श्वरेषेवर मोठमोठे, अवघे 25 च्या आसपास खवले असतात. त्यातला एक निघाला, तरी जखम लहान राहत नाही.

इंग्लंडमध्ये गादी बहुधा काळपट हिरवी असते. तेथील ढगाळ हवेत ते चालते. एप्रिल-मेच्या उन्हात काठावर पसरलेली गडद गादी तव्यासारखी तापते. गादी फिक्या रंगाची आणि सावलीत असावी, मासा येण्यापूर्वी तिच्यावर नदीचेच पाणी ओतलेले असावे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच विसरली जाते.

आडोशाच्या बाबतीतही हवामानाचा हाच फरक पडतो. तिकडे आडोसा माणसासाठी असतो, इथे सावलीची गरज माशालाही तितकीच असते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. दमलेला मासा अशा पाण्यात सावकाश सावरतो. म्हणून ताडपत्रीचे साधे छप्पर गादी ठेवण्याच्या जागी हवे. शिवाय आडोसा गळापासून चार-पाच पावलांवरच असावा. मासेमार दूर सावलीत बसला, तर ओढ जाणवायला उशीर होतो आणि गळ घशात खोल जातो. मग कितीही चांगली गादी निरुपयोगी ठरते. धरणाखालच्या पट्ट्यात विसर्गाने पाणी अचानक चढते, त्यामुळे आडोसा काठावरील पाण्याच्या जुन्या खुणेच्या वरच उभारावा. येथे माशापेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मात्र एका मर्यादेपलीकडे गादीचा उपयोगच नाही. बार्बेल बहुधा काही किलोंचाच असतो. कावेरीच्या खोऱ्यात 1946 साली 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. त्याच्या निम्म्या वजनाचा मासा जरी गादीवर उचलला, तरी त्याच्या आतड्यांवर स्वतःचाच भार पडतो. अशा माशाचा गळ कमरेएवढ्या पाण्यातच काढावा. गळाला उलटा काटा नसेल, तर हे काम क्षणात होते. पूर्वी छायाचित्रासाठी ओठातून दोरी ओवून मासा तासन्तास बांधून ठेवत. ती पद्धत जिथे उरली असेल तिथे गादीची चर्चा नंतर व्हावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. गादीने एक मासा वाचतो, जात वाचते असे नाही. कावेरीच्या उंच पाठीच्या महसीराला 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले. त्याच नदीत सत्तरच्या दशकापासून बाहेरून दख्खनी महसीराचे बीज सोडले गेले आणि पुढे गळाला बहुतांशी तोच मासा लागू लागला. तेव्हा मोठ्या काळजीने, ओल्या गादीवर ठेवून सोडलेला मासा अनेकदा पाहुणाच होता. नदीत नवे बीज सोडण्यापूर्वी ते त्याच खोऱ्यातले आहे का, हे विचारायला खर्च येत नाही. गादीसाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात हा प्रश्नही असावा.