भिंत फुकट नसते

आजकाल शहरांतल्या कॉफीच्या दुकानांत, ज्यांना तरुण मंडळी कॅफे म्हणतात, भिंतींवर त्याच भागातल्या छायाचित्रकारांचे फोटो लावलेले दिसतात. खाली छोट्या चिठ्ठीवर नाव आणि किंमत असते. आपल्या वस्त्यांतूनही कॅमेरा हाती धरलेली मुले-मुली आता पुढे येत आहेत. त्यांना असे बोलावणे आले की घरात आनंद होतो आणि लगेच वडीलधारी माणसे विचारतात, "यात मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये, जमाखर्च मांडून द्यावे. त्यासाठी न्यूयॉर्क शहरातले सत्तर वर्षांपूर्वीचे एक उदाहरण पाहू.

हेलन गी यांचा जन्म १९१९ सालचा. नवरा चित्रकार, मूळचा चीनमधला. संसार टिकला नाही आणि लहान मुलीची जबाबदारी एकट्या हेलनबाईंवर आली. फोटोंचे रिटचिंग करून त्यांनी घर चालवले. म्हणजे रंगीत फोटोंवरचे डाग आणि दोष बारीक ब्रशने हातांनी काढायचे. नजर शिणवणारे काम! या कामातूनच त्यांना फोटोची गोडी लागली आणि त्या छायाचित्रण शिकल्या. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये रंगचित्रे विकणारी दालने होती, पण फोटोसुद्धा विकत घेऊन भिंतीवर लावावा, असे फारसे कुणाला वाटत नव्हते. मग फोटोंचे दालन काढले तर भाडे कशातून भरणार?

हेलनबाईंनी तोड काढली. १९५४ साली ग्रीनिच व्हिलेज भागात त्यांनी 'लाइमलाइट' नावाचे कॉफी हाऊस सुरू केले आणि त्यातच फोटोंचे दालन ठेवले. कॉफीच्या गल्ल्यावर दालन चालवायचे, असा त्यांचा हिशेब होता. मायनर व्हाइट, इमोजेन कनिंगहॅम, फ्रान्सचे आत्जे अशा नामवंतांचे फोटो तिथे लागले. आज ज्यांची छायाचित्रे मोठमोठी संग्रहालये जपून ठेवतात, त्यांचे फोटो तेव्हा थोडक्या डॉलरांत मिळत होते, तरी गिऱ्हाईक कमीच. नुसत्या फोटोंच्या विक्रीवर भाडे निघालेच नसते. ते कॉफी पिणाऱ्यांनी भरले. अशा रीतीने 'लाइमलाइट' १९६१ पर्यंत चालले.

त्याच शहरात, हेलनबाईंच्याच वयाचे रॉय डेकारावा हे छायाचित्रकार होते. कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीत जन्मलेले. १९५२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. तिच्या आधाराने त्यांनी हार्लेमची माणसे टिपली. स्वयंपाकघरातली आई, कडेवरचे मूल, कामावरून परतणारा बाप. कुणाची कीव यावी म्हणून काढलेले हे फोटो नव्हते. घरचा माणूस घरच्यांकडे पाहतो तशी ती नजर होती. १९५५ साली त्यांनी राहत्या घरातच फोटोंचे दालन उघडले. इतरांचेही फोटो तिथे लावले. ते दालन १९५७ पर्यंतच चालले. अशा गोष्टी एकाच कारणाने बंद पडत नसतात. पण कलेत काही उणे नव्हते आणि मागे कॉफीचा गल्लाही नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सांगायचे ते हे की भिंत कधी फुकट नसते. तिचे भाडे कुणीतरी भरतच असतो. 'लाइमलाइट'मध्ये कॉफीने फोटोंना पोसले. आज पुष्कळदा उलटे होते. प्रिंट काढायचा खर्च छायाचित्रकाराचा, फ्रेमचा त्याचा, वाहतुकीचा त्याचा. मालकाची भिंत मात्र सजते आणि फोटो पाहायला आलेले त्याचे मित्र चार कप कॉफीही घेतात. यात मालक लबाड असतो असे नाही. कुणी हिशेबच मांडलेला नसतो, इतकेच.

म्हणून मुलांनो, संकोच न करता चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. फोटो किती दिवस राहणार? विकला गेला तर मालकाचा हिस्सा किती आणि तुमचे पैसे कधी मिळणार? फ्रेम फुटली, फोटो चोरीला गेला तर भरपाई कोण करणार? आणि फोटो कुठे लावणार? स्वयंपाकघराच्या दाराशी वाफ आणि तेलकटपणा असतो, खिडकीसमोर ऊन असते. दोन्हींनी प्रिंट खराब होतो. दोघांच्या सह्यांचा एक कागद पुरे. हातातली मूळ फाइल कुणालाही देऊ नका.

आणखी एक गोष्ट जमाखर्चात बसत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची. तुमच्या फोटोत कोण आहे? नाका कामगार, झाडूवाली मावशी, भाजीवाली आजी? तिला विचारूनच फोटो लावा. एक प्रत तिच्या हाती द्या. आणि प्रदर्शन मांडाल तिथे ती निर्धास्त येऊन बसू शकते का, याचा विचार करा. जिथे एका कपाला तिची निम्मी रोजी लागते, तिथे तिचा चेहरा भिंतीवर राहील आणि ती मात्र रस्त्यावरच राहील.

तेव्हा कॅफेचे बोलावणे आले तर जरूर स्वीकारा. पण तेच दहा फोटो आपल्या नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलातही लावा. मालक ओळखीचा असतो, भिंत रिकामी असते आणि तिथे कटिंग घेणाऱ्यांतच फोटोतली माणसे असतात. मावशी आपल्या शेजारणीला बोलावून आणील, "हा बघ माझा फोटो" म्हणेल, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळालेले असेल. उरलेले निम्मे त्या सह्यांच्या कागदावर असू द्या.