कपाटातला सह्याद्री

शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये सह्याद्रीतल्या वनस्पती दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवलेल्या आहेत. अशा कागदावर एका कोपऱ्यात चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. विद्यापीठांतले असे संग्रह संगणकावर आणणे, हा या अंकाचा विषय.

आत्ताच का? हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली झाडे आणि त्यांचे जुने नमुने ताडून पाहणाऱ्या २००४ च्या अभ्यासात दिसले, की १९००-१९२० च्या तुलनेत १९८०-२००२ या काळात ती सरासरी ८ दिवस आधी फुलत होती. आपल्या घाटातल्या फुलोऱ्याबद्दल असा प्रश्न विचारायचा, तर नोंदी आधी हाताशी हव्यात.

छायाचित्र काढणे त्यातल्या त्यात सोपे. खरा कस लागतो तो चिठ्ठीवरचे अक्षर लावताना. नुसते ‘कोकण’ एवढेच लिहिलेला नमुना नकाशावर कुठे ठेवायचा? आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेल्या शिंदळ माकुडीसारख्या दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा जाहीर करू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

या अंकातले लेख म्हणूनच यंत्रांपेक्षा चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसांकडे अधिक वळले आहेत. तुमच्या भागातल्या वाड्यांची, घाटवाटांची, देवरायांची जुनी नावे ठाऊक असतील, तर आम्हाला जरूर कळवा.