आकाशांतील डोळा आणि घरचा उंबरठा

आम्ही पुष्कळ वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. भिंतीवर नकाशा टांगावा, मुलांकडून नद्यांचीं व पर्वतांचीं नांवें पाठ करून घ्यावींत, एवढ्यावर आमचें समाधान होत असे. पूर आला तर पाणी कोठवर चढेल, कोणता डोंगर घरांवर येईल, हा प्रश्न आम्ही एकदांहि विचारला नाहीं. तो आतां विचारावयास हवा.

१९९९ सालच्या ऑक्टोबरांत ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलें आणि सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. २०१३ च्या ऑक्टोबरांत तेथेंच फायलिन हें प्रचंड वादळ आलें. बळींची संख्या शंभराच्या आंत राहिली. उपग्रह दोन्ही वेळां आकाशांत होतेच. अंतर पडलें तें मधल्या तयारीनें. निवारे बांधले गेले होते, सूचना गांवोगांव पोंचली, आणि सुमारें दहा लाख लोकांना वेळेवर हलविण्यांत आलें.

वादळ निदान समुद्रावर असतांना दिसतें. दरडीचें तसें नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गडप झालें व दीडशेंच्या आसपास माणसें गेलीं. ती वार्ता जगास कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकास तेथें गांवच दिसेना म्हणून!

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ डोंगराचा उतार, माती, खडक, पाऊस व झाडोरा यांचे नकाशे एकावर एक ठेवून धोक्याच्या जागा ठरवितात. रडारयुक्त उपग्रहास ढगांआडूनहि जमीन दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहांत १९९८ ते २०२२ या काळांतील सुमारें ८०,००० दरडींची नोंद आहे. हें कार्य खरोखर स्तुत्य होय.

परंतु त्याच वर्षीं, १९ जुलैच्या रात्रीं, रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आणि दरडप्रवण गांवांच्या यादींत त्या वाडीचें नांव नव्हतें, असें शासनाकडूनच सांगण्यांत आलें. म्हणून यादींत नांव नाहीं एवढ्यावरून कोणीं निर्धास्त राहूं नये.

नकाशांत जें उमटत नाहीं तें पुष्कळदां घरांतल्या वडील मंडळींस ठाऊक असतें. ज्यांचें मूळ घर कोंकणांत वा घाटांत आहे त्यांनीं यंदां तिकडे गेल्यावर एवढें करावें. डोंगरास नवी भेग पडली आहे काय, झाडें वा खांब कलले आहेत काय, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें आहे काय, हें पाहावें. आजोबांस जुन्या दरडी व पूर विचारावे, नातवंडांनीं ते टिपून घ्यावे, आणि तो कागद तलाठ्याकडे व तहसीलदाराकडे लेखी द्यावा. गांवाचें नांव यादींत आहे कीं नाहीं, हेंहि तेथेंच विचारावें.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना सांगतों. पावसाळ्यापूर्वीं तें आपणच आचरून दाखविलें, तर आकाशांतील डोळ्यानें पाहिलेलें उंबरठ्यापर्यंत पोंचेल.