आश्रयदाता मेल्यावर

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या १९९३ साली अवतरलेल्या पत्त्यांच्या खेळात प्राण्याच्या पत्त्यावर मंत्राचा पत्ता चढवून त्याचे बळ वाढवता येते. प्राणी मेला की मंत्रही जातो. प्रतिस्पर्ध्याच्या एका पत्त्यात आपले दोन गारद. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’ संचातले लिसिड हे प्राणी स्वतःच मंत्र होऊन दुसऱ्याला चिकटत आणि किंमत मोजली की सुटत. कल्पना सुरेख, नियम मात्र टीकाग्रंथ मागणारे!

ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या ‘थेरोस’मधील (२०१३) ‘बिस्टो’ आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटते. पत्ता प्राणी म्हणून खेळावा, किंवा बहुधा जास्त किंमत देऊन दुसऱ्यावर चढवावा. आश्रयदाता मेला तर तो प्राणी होऊन मागे उरतो. दैवी देणगी वीराच्या पश्चात टिकते, हे इथे वर्णनाने नव्हे, नियमाने सांगितले आहे.

‘इकोरिया’तील (२०२०) ‘म्यूटेट’मध्ये दोन पत्ते मिळून एकच प्राणी होतो (मानव वर्ज्य!) आणि मरताना दोन्ही जातात. जुना दोष परतला, असा आक्षेप यावर घेता येईल. आम्हांस तो मान्य नाही. देणगी वेगळी उरू शकते. एकजीव झालेल्या देहांतून एकच वाचला असता, तर ते मीलन खोटे ठरले असते.