तळ्यात, मळ्यात

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम चाळत होते. २०१४च्या सप्टेंबरपासून लागू झालेला. त्यात घर्षण आहे, ते तिसरीच्या आसपास ओझरतं येतं आणि पाचवीच्या सुमाराला हवेच्या नि पाण्याच्या रोधासकट नीट भेटतं. पाच ते सात वर्षांच्या पोरांनी संगणकासाठी सूचनांची साधी मालिका लिहावी आणि ती फसली तर चूक शोधून दुरुस्त करावी, हेही आहे. आणि शारीरिक शिक्षणाच्या पानावर, कुठलाही गाजावाजा न करता, एक अट आहे: प्राथमिक शाळा सोडण्याआधी मुलाला किमान २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात अडचणीत सापडल्यास स्वतःचा बचाव करता आला पाहिजे. अर्थात कागदावरची अपेक्षा. तिथेही बरीच मुलं ते २५ मीटर न गाठताच शाळा सोडतात. पण पोहणं हे गणित-विज्ञानासारखं शाळेनं शिकवायचं काम आहे, एवढं तरी तिथं ठरलेलं आहे.

आपल्याकडे या तिन्हींची वाटणी कशी झाली आहे बघा. घर्षण पुस्तकाकडे, कोडिंग क्लासवाल्यांकडे आणि पोहणं नशिबाकडे.

घर्षणापासून सुरुवात करू, कारण त्याचा तास मी पाहिला आहे. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बालभारतीच्या पुस्तकात घर्षण बल रीतसर येतं ते सहावीच्या ‘बल व बलाचे प्रकार’ या पाठात. हिनं ते चौथीच्या पोरांपुढं काढलं, तेही व्याख्या न सांगता. एक वीट, तिला बांधलेली सुतळी, सुतळीच्या टोकाला रबरबँड. वीट आडवी ठेवून ओढायची, मग कडेवर उभी करून ओढायची. रबर कधी जास्त ताणलं जाईल? अख्ख्या वर्गानं हात वर करून सांगितलं, आडवी असताना, कारण ती जमिनीला जास्त चिकटलीय. मग पट्टी लावून रबर मोजलं, तर दोन्ही वेळा जवळपास तेवढंच. पोरांचा विश्वास बसेना. वीट बदलून झाली, ओढणारा बदलून झाला, ‘तू मुद्दाम हळू ओढतोस’ म्हणून भांडण झालं. गियोम आमोंतों या फ्रेंच माणसानं १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं हेच मांडलं होतं, की घर्षण वजनावर अवलंबून असतं, टेकलेल्या जागेच्या आकारावर नाही. तिथल्या विद्वानांनाही ते सहजी पटलं नव्हतं, तेव्हा चौथीच्या वर्गाला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर विटेखाली गोणपाट, काचपेपर, ओली फरशी असं सगळं घालून झालं. कॅरमवर पावडर का टाकतात, गोटा झालेला टायर पावसात का घसरतो, याची उत्तरं पोरंच देऊ लागली. ‘घर्षण चांगलं की वाईट?’ असं बाईंनी विचारल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘ब्रेकला पाहिजे, चेनला नको.’ मला नाही वाटत यापेक्षा नेमकं उत्तर सहावीच्या कुठल्या गाईडमध्ये असेल.

मग कोणीतरी नदीच्या पायऱ्यांचं नाव काढलं. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. तळवा आणि दगड यांच्यामध्ये तो बुळबुळीत थर आला की दोघांची गाठच पडत नाही, आणि पाय सुटतो. वर्गातल्या बहुतेकांना हे अंगानं माहीत होतं. पाय सुटल्यानंतर पुढं काय करायचं, ते मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

देशात बुडून होणाऱ्या मृत्यूंचा सरकारी आकडा गेली काही वर्षं सातत्यानं ३० हजारांच्या वर आहे. विहिरी, शेततळी, कालवे, खाणीत साचलेलं पाणी, विसर्जनाचे घाट. आमच्या आधीच्या पिढीत निदान खेड्यांत तरी पोहणं शिकवलं जायचं. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा आणि काकानं विहिरीत ढकलून द्यायचं. या पद्धतीचं कौतुक पुष्कळ ऐकलं आहे. मला ती फारशी मानवत नाही. त्यात शिकलेले पोहणारे झाले तसे आयुष्यभर पाण्याला भ्यालेलेही झाले, आणि मुलींना तर काठावरूनच परत पाठवलं जाई. पण ती पद्धत गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. शहरात जलतरण तलाव आणि त्यांची मे महिन्यातली बॅच आली, ती फी भरणाऱ्यांसाठी.

पोहण्याचा पहिला धडा खरं तर घर्षणाचाच पुढचा भाग आहे. जमिनीवर आपण चालतो ते तळव्याखालची जमीन पकड देते म्हणून. पाण्यात ती पकड नसते. न शिकलेलं मूल मग घाबरून उभं राहायला बघतं, शिडी चढावी तसे हातपाय मारतं, आणि तशाच उभ्या स्थितीत खाली जातं. म्हणून चांगला शिक्षक आधी हातपाय मारायला शिकवतच नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचे, मग पाठीवर पडून कान भिजू द्यायचे आणि पोट वर ठेवायचं. पाणी आपल्याला उचलतं, हे एकदा अंगाला पटलं की पुढचं सोपं. यासाठी निळ्या टाइल्सचा तलावच लागतो असंही नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा चौथरा आणि कठडा रचून हजारो मुलांना पोहायला शिकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा असंच सांगते.

कोडिंगबद्दल थोडक्यात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कोडिंग सहावीपासून पुढं ठेवलं आहे, तरी त्याच सुमाराला पहिलीतल्या मुलांच्या आईबापांना जाहिरातींनी असं काही घाबरवलं की विचारू नका. सीमोर पॅपर्ट ज्यांच्यापैकी एक होते, त्या मंडळींनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा केली. पुढं तिच्यात कासव आलं, तेही आधी जमिनीवर चालणारं यंत्र म्हणून. मुलं अडली की पॅपर्ट सांगत, तूच कासव हो आणि चालून बघ. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी तर संगणकाविनाच संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ गेली कित्येक वर्षं रचत आहेत.

आपला तळ्यात-मळ्यात यात सहज बसेल. हुकूम ऐकून उडी मारली की झालं, असं तिथं चालत नाही. आपण आत्ता कुठं आहोत हे लक्षात ठेवून हुकूम ताडावा लागतो. मळ्यात असताना ‘मळ्यात’ ऐकून उडी मारली की बाद. प्रोग्रॅममध्ये ‘जर असं असेल तर तसं कर’ लिहायचं म्हणजे दुसरं काय?

मैत्रिणीनं पुढच्या तासाला पोरांना कागद देऊन असाच एक ‘जर-तर’ लिहायला लावला. मित्र पाण्यात पडला आहे, तुम्ही काठावर आहात. पहिल्या फेरीत निम्म्या कागदांवर ‘मी उडी मारीन’ होतं. ते खोडलं गेलं, कारण बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो. मग ओरडा. काठी असेल तर आडवं पडून काठी द्या. काठी पोहोचत नसेल तर दोर, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन. कोणीच नसेल तर मोठ्या माणसाला बोलावून आणा.

इथं एका मुलीनं हात वर केला. ‘बाई, पण घरी न सांगता गेलो असलो तर?’

वर्ग चिडीचूप. अशा प्रसंगी वाचलेली पोरं मार बसेल या भीतीनं घरी येऊन गप्प बसतात, हे खेड्यापाड्यांतल्या बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतं. ती ओळ पोरांना लिहिता येणार नव्हती. तिच्यासाठी बाईंनी पालकांची सभा बोलावली.