सलवा म्हणजे लावा. पोरीचं नाव बदलायचं कशाला?

आमच्या बावड्यात ओळखीच्या एका घरात पोरगी झाली. नाव ठेवलं सलवा. एकानं लगेच विचारलं, "ते सलवा जुडूमवालं काय?" दुसऱ्यानं काळजीनं सल्ला दिला, "घरात काय म्हणायचं ते म्हणा, पण शाळेच्या दाखल्यावर जरा आपल्यातलं वाटेल असं नाव घाला. दिवस बरे नाहीत."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सलवा जुडूम हे गोंडी शब्द. २००५ साली छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध उभी केलेली ती मोहीम. तिच्यातून आदिवासी पोरांच्या हातात हत्यारं देणं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. या पोरीच्या नावाशी तिचा काडीचा संबंध नाही.

हा सलवा अरबी. अर्थ लावा पक्षी. तोच, गवतातून भुर्रकन उडून थोड्या अंतरावर परत दडी मारणारा. कुराणात तो तीन ठिकाणी येतो, 'मन्न'च्या जोडीनं. मूसाचे लोक इजिप्तमधून सुटून वाळवंटात भटकत होते, तेव्हा त्यांच्या पोटाची सोय झाली ती या दोन गोष्टींनी. बायबलातही हीच गोष्ट आहे, आणि हिब्रूत या पक्ष्याला 'स्लाव' म्हणतात. म्हणजे शब्द तोच. गोष्टीला निसर्गाचा आधारही आहे. लावे दरवर्षी युरोपातून आफ्रिकेकडे जाताना भूमध्य समुद्र ओलांडून सिनाईच्या किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा इतके दमलेले असतात की हातानं धरता येतात. याच जातीचे लावे हिवाळ्यात आपल्याकडच्या माळांवरही येतात.

अरबीत सलवाचा आणखी एक अर्थ आहे, दिलासा. ससाणा, गरुड यांच्यावरून नावं ठेवणारे पुष्कळ. इथं आईबापानं उपाशी माणसाला आधार देणारं पाखरू निवडलंय. मला तरी हे फार आवडलं.

आता तो सल्ला. 'आपल्यातलं' म्हणजे नेमकं कुठलं? कसबा बावड्यातला 'कसबा' अरबी. ज्या दाखल्यावर हे नाव नको, तो 'दाखला'ही अरबी. (सल्लाही अरबीच, राहू दे.) शहाजीराजे आणि शरीफजी या भावांची नावं नगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवली असं सांगतात. पाखरांचं म्हणाल तर आपल्या घराघरांत मैनाबाई, कोकिळा, हंसा झाल्या, आडनावं कावळे, पारवे आहेत. त्यांना कुणी अर्थ विचारत नाही.

दिवस बरे नाहीत हे खरं. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळं आईबापाला भीती वाटली तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ज्यांना भीती नाही त्यांनी ती सल्ला म्हणून का वाटावी? याच बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं. मुसलमानांच्या पोरांनी शिकावं म्हणून राजानं खटपट केली, आणि शंभरावर वर्षांनी आपण त्यांच्या पोरीला म्हणतोय, शाळेत ये, नाव घरी ठेवून ये.

काही वर्षांनी ती बालवाडीत जाईल. बाईंना एकच विनंती, हजेरी घेताना नाव अडलं तर 'हे कसलं नाव' म्हणू नका, तिलाच अर्थ विचारा. तोवर तिला सांगता येत असेल.