पाळी दुखते तेव्हा गोळी द्या

बीड जिल्ह्यातून २०२४ च्या हंगामात ऊसतोडीला गेलेल्या बायकांपैकी ८४३ जणींची गर्भाशयाची पिशवी गाव सोडण्याआधीच काढून झाली होती. त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या होत्या. २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली, तेव्हा १३,८६१ जणींना गर्भाशय उरलं नव्हतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. तेव्हा विधिमंडळ गाजलं, चौकशा झाल्या, खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. तरी २०२४ उजाडलंच.

मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, बाईने एक दिवस खाडा केला की कापले जाणारे पाचशे रुपये, पाचटातली झोपडी, संडास नाही, पाणी नाही. यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते सगळं खरं आहे. या पत्रकाला राग आहे तो पिशवी काढण्याच्या बऱ्याच आधीच्या एका गोष्टीचा. तिशीत ज्या बाईची पिशवी काढली गेली, तिला पाळी सुरू होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. त्यातल्या किती महिन्यांत तिला दुखण्यावरचं साधं औषध, नीट मात्रेत, नीट वेळेवर कुणी दिलं? परवानगीच्या कागदावर हा प्रश्न आलेला दिसत नाही. घरात, शाळेत, दवाखान्यातही तो कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे: बाईच्या जातीला हे चालायचंच, सोसायचं.

हे 'सोसायचं' अडाणीपणातून येतं असं समजण्याचं कारण नाही. शिकलेल्या घरांतही दाढ दुखली की लगेच गोळी मिळते आणि पोरगी पोट धरून गादीवर गडाबडा लोळली की ओव्याचं पाणी मिळतं. ओव्याला कुणाची ना नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यावर खरोखरच बरं वाटतं. फक्त फडात पहाटे चारला कोयता हाती घेणाऱ्या बाईने ती पिशवी कुठे गरम करायची, हे शेक सुचवणाऱ्यांनी सांगावं.

दुखतं का, हे काही गूढ राहिलेलं नाही. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याला होणारा रक्तपुरवठा तुटतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब, पाय भरून येणं यांतही त्यांचाच हात असतो. पाळीच्या रक्तातल्या अशा पदार्थांचा माग ब्रिटनमध्ये व्ही. आर. पिकल्स यांनी १९५७ पासून काढला. ॲस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही दाहशामक औषधं दुखण्याच्या मुळाशी जाऊन काम करतात, नुसती गुंगी आणून दुखणं विसरायला लावत नाहीत. विज्ञानाला हे कळून पन्नास वर्षं उलटून गेली, आणि आजही मुलीला 'मन दुसरीकडे गुंतव' असा सल्ला मिळतो.

आणि गुण किती येतो? ८० चाचण्या आणि ५,८२० बायका यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली काढला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभरांत अठरा जणींना चांगला आराम पडत असेल, तर दाहशामक गोळी घेणाऱ्यांत तो ४५ ते ५३ जणींना पडतो. यात जादू काही नाही. पण शंभरांतल्या तीसेक जास्तीच्या बायका दर महिन्याला दोन दिवस माणसासारखं जगू शकतात, आणि ते सोसण्याच्या कौतुकापायी नाकारलं जातं.

आता आक्षेप. 'गोळीची सवय लागते.' लागत नाही. ही अफू नव्हे. दर महिन्याला घ्यावी लागते, कारण पाळी दर महिन्याला येते. चष्म्याचीही मग सवयच लागते म्हणायची.

'गोळ्या गरम पडतात, पुढे मूल होत नाही.' पाळीच्या दोन-तीन दिवसांत, पोटात काही घालून, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या गोळीने वांझपण येत नाही. गंमत अशी की मुलीच्या गर्भाशयाची एवढी काळजी करणारा समाज तिच्या तिशीत तेच गर्भाशय कापून टाकायला सही करतो.

'लग्न झालं, एक मूल झालं की आपोआप थांबतं.' चौदा वर्षांच्या मुलीला कळा येतात, म्हणून औषध काय, तर नवरा. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवलं आहे. तिथे हे औषध मुबलक आहे आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. बाळंतपणानंतर काही जणींचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण तिशीत पिशवी गमावलेल्यांपैकी बहुतेकींची दोन-तीन बाळंतपणं झालेलीच होती की.

मग आलं व्हॉट्सॲप. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. या औषधाने क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते: अंगावर पुरळ, ताप, गाठींना सूज, आणि तेही औषध घेतल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी. सूचनेत म्हटलं होतं की लक्ष ठेवा आणि असं काही दिसलं तर कळवा. बंदीचा त्यात शब्द नव्हता. आठवड्याभरात 'पाळीची गोळी जीव घेते' असे फॉरवर्ड घरोघर पोचले. गर्भाशय गमावलेल्या १३,८६१ जणींचा आकडा एवढ्या वेगाने फिरल्याचं कुणाला आठवत नाही.

पण या भीतीला एक खरी बाजू आहे. गोळी मिळते कशी, ते पाहा. मेडिकलच्या काउंटरवर गर्दी थोडी सरेपर्यंत बाजूला उभी राहिलेली बाई हळूच म्हणते, 'पोटदुखीची द्या.' दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, चार गोळ्या कागदात गुंडाळतो. औषधाचं नाव पट्टीच्या राहिलेल्या अर्ध्या भागावर, मुदतीची तारीखही तिकडेच. बहुतेक वेळा या गोळीत मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, डोळ्यांवर झापड येते. ही बाई त्यानंतर कोयता चालवणार असते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणार असते.

डॉक्टरची चिठ्ठी हवी ती यासाठी. पोटात अल्सर आहे का, अशा गोळीने कधी दमा उसळला का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, पाळी चुकलेली तर नाही ना, कंबरेसाठी रोजची वेगळी दुखण्याची गोळी चालू आहे का. पाच प्रश्न, दोन मिनिटं. ऊसतोड बाईला सहावाही विचारायला हवा: दिवसभरात पाणी किती प्यायला मिळतं? जी प्रोस्टाग्लँडिनं गर्भाशयाला पिळतात, त्यांच्याच जातीची मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. उन्हात घाम गाळून, पाण्यावाचून हीच गोळी पोटात गेली तर मूत्रपिंडाला मार बसू शकतो. आणि पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर ही गोळी नकोच. यातलं काहीही कात्रीने कापलेल्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.

एक आक्षेप चळवळीतल्या मंडळींचा असतो आणि तो मात्र ऐकून घ्यायला हवा. गोळी दिली की मालकाचंच फावतं, बाईला सुट्टी द्यायला नको. तामिळनाडूतल्या कापड उद्योगात २०१९ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या बातमीदारांनी शंभरेक कामगार बायकांशी बोलून हेच उघड केलं होतं: पाळीत दुखतंय म्हटलं की सुपरवायझर नाव-गाव नसलेली गोळी हातावर ठेवी, की शिलाई मशीन थांबायला नको. संतापजनकच आहे ते. पण तिथला गुन्हा गोळीचा नव्हता. न विचारता, न सांगता, कामाचे तास वाचवण्यासाठी ती दिली गेली, हा गुन्हा होता. सुट्टी आणि गोळी दोन्ही मागता येतात. सुट्टी मिळाल्यावर घरी कळा सोसत पडून राहण्यात कोणती क्रांती आहे?

शंभरातल्या ज्यांना गोळीने उतार पडत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठीच तर सुरुवात नीट करायची. कळ सुरू होताच, शक्य तर त्याआधीच, ठरलेल्या अंतराने दोन-तीन दिवस औषध घेतलं आणि तीन पाळ्या असं करूनही फरक नाही, तर तपासणीला ठोस कारण हाती येतं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा आजार, असेल, गाठी असतील, जंतुसंसर्ग असेल, गर्भाशयाचा क्षयही असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या दहांतल्या एकीला एंडोमेट्रिओसिस असतो. 'सोस' म्हटलेल्या मुलीचा तो वर्षानुवर्षं सापडत नाही, कारण तिने तक्रार करणंच सोडून दिलेलं असतं. मग एक दिवस अंगावरून जातं, कंबर मोडते, कुणीतरी कॅन्सरचं नाव घेतं, आणि सोनोग्राफीपासून ऑपरेशनपर्यंतचं अंतर एका आठवड्यात संपतं.

सरकारी योजनांत पाळी म्हणजे पॅड. २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजनेत शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळू लागलं. चांगलंच झालं. रक्त कपड्याला लागू नये एवढी व्यवस्था झाली. दुखतं का, हे विचारायला कोण येणार होतं? शाळेच्या आरोग्य तपासणीत दात तपासतात, डोळे तपासतात. पाळीच्या कळांमुळे महिन्यातून किती दिवस शाळा बुडते, हा रकाना तिथे सहज बसेल.

तसाच एक रकाना हंगामाआधी गावात होणाऱ्या ऊसतोड बायकांच्या तपासणीत हवा, हिमोग्लोबिनच्या शेजारी. राज्यातल्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आहेत, आणि ही औषधं दुखण्याबरोबर रक्तस्रावही थोडा कमी करतात. ज्यांना गोळी चालते त्यांना नाव-तारीख असलेली अख्खी पट्टी आणि मराठीत लिहिलेली मात्रा द्यावी. आणि पिशवी काढण्याच्या परवानगीचा अर्ज शल्यचिकित्सकांच्या टेबलावर येईल तेव्हा त्यात भरून आलेलं असावं: आधी कोणतं औषध दिलं, किती मात्रेत, किती पाळ्या, कोणी दिलं. हा रकाना कोरा असेल, तर अर्ज परत.